आत्या, यंदाही अर्धीच जिलबी!

प्रिय आत्या,

काल सव्वीस जानेवारी झाली. झेंडा फडकला, जिलबी आली, सगळी गल्ली जमली, आणि तुझी खुर्ची तेवढी रिकामी राहिली. दर वर्षी या दिवशी मी सगळ्यांदेखत तुला जाब द्यायचो. यंदा तो कुणाला देणार? आज सकाळपासून कामात मन लागेना. शेवटी फ्लेक्सच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि लिहायला बसलो.

आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं करतो आहे. हसू नकोस! माझ्या हातून थेट पक्कं कधी काही झालंय का?

बातमी आधी सांगतो, नाहीतर तू म्हणशील, "गोष्ट लांबवू नको, भात करपायलाय." आपल्या गल्लीच्या तोंडची गळती बंद झाली! हो, तीच, पाइपाच्या जोडातली. ती बुजवली महापालिकेच्या माणसांनी, पण अर्ज माझा होता. दिला मी! आणि तरीही काल माझ्या वाट्याला अर्धीच जिलबी आली. कशी, ते आता सावकाश सांगतो.

आपली रीत बाहेरच्या माणसाला सांगितली की तो हसतोच. परवा एका क्लासचे सर गुणवंतांचा फ्लेक्स न्यायला आले होते. त्यांना म्हटलं, "उद्या आमच्याकडं झेंडावंदनाला या, पण संकल्प सांगितल्याशिवाय जिलबी मिळत नाही." ते म्हणाले, "कुणाचा नियम हा?" मी म्हटलं, "आमच्या आत्याचा." तू गेलीस हे सांगायचं राहूनच गेलं. मुद्दाम नाही राहिलं. तोंडातून तसंच आलं.

कसं सुचलं गं तुला ते? भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडवरून आणलेल्या लोखंडी पाइपावर झेंडा चढायचा, तुझ्या मेसच्या दारात गरम जिलबीची परात, परातीमागं तू पदर खोचून, आणि समोर सगळ्यांची रांग. वर्षभरात देशासाठी करायचं एकच काम प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं. मग तू गल्लीला विचारायचीस, "होईल का ह्याच्यानं?" गल्ली ओरडायची, "हाव!" किंवा "न्हाई!" जुन्या माणसांनी आधी गेल्या वर्षीचा जाब द्यायचा. काम झालं असेल तर जिलबी अख्खी. अर्धवट असेल तर अर्धी. मुळीच झालं नसेल तर बोटाला नुसता पाक!

एका वर्षी एक उंच मुलगा छाती काढून म्हणाला होता, "मी देशासाठी प्राण देईन!" सगळे टाळ्या वाजवायला निघाले, तर तू झाऱ्या उगारलास. "प्राण ठेव तुझ्यापाशी, लेकरा. जेवल्यावर तुझं ताट कोण उचलतं ते सांग आधी." तो लाजला. वर्षभर स्वतःचं ताट तर त्यानं उचललंच, शेजारच्याचंही उचललं. पुढं डॉक्टरकीला लागला, तरी पत्रात लिहायचा, "आत्या, इथंही उचलतो."

आणि रहीमचाचा! गल्लीच्या तोंडाशी त्यांचा चहाचा गाडा, गालात सदा पानाचा तोबरा. त्यांचा संकल्प दर वर्षी तोच, रस्त्यावर थुंकणार नाही. तू विचारायचीस, "काय चाचा, औंदा किती थुकलात?" ते कानाला हात लावायचे. "कम, माई. बहोत कम."

"कम म्हंजे अर्धी."

मग तू एक जिलबी मधोमध मोडायचीस. अर्धी चाचांना, अर्धी मला. कारण माझंही काम दर वर्षी अर्धवटच असायचं. "दोघं मिळून एक माणूस झालात," असं म्हणायचीस आणि गल्ली खदखदायची. मला लाज वाटायची, पण आत कुठंतरी बरंही वाटायचं. चाचा डोळा मारायचे ना!

देश हा शब्द तू कुठून शिकलीस, ते तू एकदाच सांगितलंस, पण मला पाठ आहे. भूकंप झाला तेव्हा आपल्या घरात तू आणि मी, दोघंच उरलो. मी इतका लहान होतो की मला फक्त पत्र्याच्या शेडचा आवाज आठवतो. तुला मात्र नांदेडहून आलेला तो लंगरचा ट्रक आठवायचा. एका दाढीवाल्या म्हाताऱ्यानं तुझ्या हातावर गरम रोटी ठेवली. तू सवयीनं नाव, गाव, कुणाची कोण ते सांगायला लागलीस. तो म्हणाला, "पहले खा लो, माई. नाम बाद में."

"तवा मला देश दिसला," असं तू म्हणायचीस. "त्याच्याआधी देश म्हंजे शाळेच्या भिंतीवरचा नकाशा."

म्हणूनच लातूरला येऊन मेस काढलीस तेव्हा तू पहिला नियम तोच केलास ना? नवं लेकरू दारात आलं की आधी ताट, मग नाव. आडनाव तर तू कधी विचारलंच नाहीस. गल्लीत एकेक करून क्लास आले, होस्टेलं आली, घरांवर मजले चढले, कुठून कुठून पोरं-पोरी आल्या, मुरुडच्या, नांदेडच्या, पार किनवटकडच्या. तुला सगळ्यांची भूक ठाऊक होती. आडनावं मात्र अजून कुणालाच धड ठाऊक नाहीत.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा तू किती दिवस अबोला धरलास! मेसला हात हवा म्हणून सोडतो, असं मी सांगितलं होतं. तुला ते पटलं नाही. शेवटी एकदा मेसमधली रोजची भाजी लिहायची पाटी माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "शाळा सुटली तर सुटली. पर लिहिशील ते नीट लिही." त्या पाटीवरूनच मी रंगारी झालो, आणि रंगाचे दिवस गेल्यावर फ्लेक्सवाला. आज शहरात क्लासचे जेवढे फलक झळकतात, त्यातल्या पुष्कळ गुणवंतांची नावं माझ्या हातची आहेत. एकाचंही नाव चुकलेलं नाही, आत्या. छपाईआधी चार वेळा वाचतो.

पण हाच गुण माझ्या मुळावर आला, नाही का? गळतीचा अर्ज मी किती वर्षं लिहीत होतो! दर सव्वीस जानेवारीला सांगायचो, "गल्लीची गळती बंद करवीन." पाणी सुटलं की जोडातून कारंजं उडायचं आणि आपल्या टोकाला करंगळीएवढी धार यायची. मी अर्ज लिहायचो, वाचायचो, समास थोडा वाकडा वाटला की पुन्हा लिहायचो. "महोदय" नंतर स्वल्पविराम द्यावा की नाही यात एक अख्खा उन्हाळा गेला. महापालिकेच्या पायरीवरून दोनदा परत फिरलो. आत गेल्यावर कुणी काही उलटं विचारलं तर? मला उत्तर आलं नाही तर?

तू म्हणायचीस, "काय करलालास रे बाला? चार बार तपासतोस अन् एक बार जात न्हाईस." आणि मग हटकून पुढचं वाक्य, "अर्ज राहू दे. पाणी सुटल्यावर त्या जोडापाशी जाऊन बस जरा." मला वाटायचं, गळती किती मोठी आहे ते मी बघावं असं तुला वाटतं. ते तर बघायची गरजच काय होती? पाणी पहाटे सुटायचं, तेव्हा मी मेसच्या टाकीवर नळी धरून उभा असायचो. उजाडल्यावर गल्लीच्या तोंडाशी चिखल दिसायचा, तो मला पुरेसा पुरावा होता.

दिवाळीनंतर तू गेलीस. तेराव्यानंतर पहिल्यांदा पाणी सुटलं, आणि शेवंतामावशी टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. तुला सांगायला हवं का, स्वयंपाकघर आता त्याच बघतात आणि मलाही त्याच बघतात! धारेकडं बघून म्हणाल्या, "ही धार हाय का लेकराची नाकगळती? बाला, औंदा आत्या असती तर तुला पाकाचं बोट बी दिलं नसतं."

मी तसाच निघालो. अंगावरचा शर्टही बदलला नाही. मी!

कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज वाचला, पुन्हा वर धरून बघितला. म्हणाले, "अक्षर लई सुंदर हाय हो तुमचं. छापल्यावानी. पर गल्लीच्या सह्या कुठंयत?"

मी म्हटलं, "सह्या?"

"एकट्याचं पाणी गळतंय का?"

हेच ते उलटं विचारणं, ज्याला मी इतकी वर्षं भीत होतो! आणि आत्या, गंमत म्हणजे मला काही झालं नाही. नुसते कान गरम झाले. पण सह्या म्हणजे दारोदार जाणं. मला, ज्याला गिऱ्हाईकाचा फोन आला तरी आधी पाणी प्यावं लागतं!

मुलींच्या होस्टेलवर पहिलं दार उघडलं ते वैष्णवीनं. तुला आठवते ना, ती इस्लापूरची, जेवताना भाजीपेक्षा जास्त बोलणारी? ती म्हणाली, "दादा, आम्ही कशाला सही करावं? आम्ही इथले न्हाईच. परीक्षा झाली की चाललो."

मला एरवी शब्द सुचत नाहीत. पण त्या वेळी तू माझ्या मागं उभी होतीस की काय कोण जाणे. मी म्हटलं, "पाणी कुठलं पिता?"

"इथलंच."

"मग इथल्याच. आमची आत्या तरी कुठं इथली होती?"

तिनं कागद माझ्या हातातून ओढूनच घेतला. "आणा, तुम्ही असे दारात उभं राहून राहिलात तर पुढच्या वर्षी होतील सह्या." तिनं सगळं होस्टेल पालथं घातलं. पुढं प्रत्येक दारात मला कळत गेलं की गल्लीत मूळचं असं कुणीच नाही. कुणी भूकंपानंतर आलेलं, कुणी पोरांच्या शिक्षणासाठी शेत बटईनं देऊन आलेलं, कुणी बदलीवर. सगळ्यांनी बाहेरूनच येऊन हे पाणी आपलं मानलेलं. रहीमचाचांनीही सही केली. गाड्यावर फडकं फिरवलं, त्यावर कागद ठेवला आणि हळूहळू, उर्दूत, वळणदार सही केली. मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

माणसं आली, खणलं, जोड बदलला. पुढच्या वेळी पाणी सुटलं तेव्हा आपल्या टाकीत धबधबा पडला, आत्या! वरच्या मजल्यावरच्या मुली बादल्या वाजवत ओरडत होत्या. शेवंतामावशींनी टाकीला हळदीकुंकू लावलं. मला वाटलं, संपलं! आता आयुष्यात एकदा अख्खी जिलबी!

कालची गोष्ट आता. तुझ्या जागी कोण उभं राहणार? मी परात आणून ठेवली आणि हळूच खांबामागं सरकलो. शेवंतामावशींनी दंडाला धरून पुढं ओढलं. "खांब काय जिलबी वाटणार हाय का?"

वाटली मी. आवाज पहिल्यांदा चिरकला, मग बसला. वैष्णवी रांगेत पहिली. म्हणाली, "मी डॉक्टर होऊन गोरगरिबांची मोफत सेवा करीन." मी गल्लीला विचारलं, "होईल का हिच्यानं?" शेवंतामावशी ओरडल्या, "न्हाई! औंदाचं बोल!" ती खळखळून हसली. मग म्हणाली, "बरं. सुट्टीत इस्लापूरला गेले की मायला सही करायला शिकवते. अंगठा बंद."

"हाव!" असा आवाज झाला की झेंड्यावरची चिमणी उडाली.

मग चाचा. मी तुझ्यासारखंच विचारलं, "काय चाचा, औंदा किती थुकलात?" ते हसले नाहीत. टोपी नीट केली. "माई गई ना, उस दिन से पान नै खाया. एक बार भी नै थूका." मी त्यांना अख्खी जिलबी दिली. परातीतली सर्वांत मोठी, गोल, न तुटलेली.

शेवटी मी. मला कुणी विचारायचं? शेवंतामावशी पुढं आल्या. मी सगळं पाठ करून आलो होतो, ते सांगितलं. अर्ज दिला, सह्या घेतल्या, गळती बंद झाली. मावशींनी विचारलं, "झालं का ह्याचं काम?"

"हाव!"

आणि मागून एकच आवाज आला. "न्हाई."

रहीमचाचा होते.

मला वाटलं, थट्टा करतात. "चाचा, सही तर तुम्हीही केलीत!"

"किया ना. गल्ली का पानी रास्ते पे जा रहा था, सही करना तो फर्ज था." मग जिलबी हातात तशीच धरून ते म्हणाले, "पर बेटा, मेरा डिरम उसी पानी से भरता था. और वो बाजू की बिल्डिंग पे काम करती औरतां, उनके घडे भी. किसी के पास नल कहाँ है?"

आत्या, माझ्या डोळ्यांसमोर सगळा चिखल स्वच्छ झाला बघ. पहाटे पाणी सुटायचं, कारंजं उडायचं, आणि त्या कारंज्याखाली चाचांचा ड्रम असायचा. बांधकामावरच्या बाया घागरी घेऊन रांगेत असायच्या. वाया जाणाऱ्या पाण्यातलं जेवढं धरता येईल तेवढं ती माणसं धरत होती. जोड दुरुस्त झाल्यापासून चाचा पलीकडच्या चौकातून कळशीनं पाणी आणत होते. या वयात!

मी म्हटलं, "मला सांगितलं का नाही?"

"बोलता कैसे? तेरा मुँह इतना खुश था."

तुला ठाऊक होतं ना हे? म्हणूनच म्हणायचीस ना, जोडापाशी जाऊन बस जरा? मग सरळ का नाही सांगितलंस गं! "बाला, तिथं माणसं पाणी भरतात, गळती बंद कर आणि नळ माग," एवढं म्हणायला काय झालं होतं? पण तू कुणालाच सरळ वाढलं नाहीस, उठून घ्यायला लावलंस. मी अर्जातला स्वल्पविराम चार वेळा तपासला आणि ज्या जागेबद्दल अर्ज होता तिथं एकदाही उभा राहिलो नाही.

मी खाली बघत होतो. माझ्या हातात जिलबी नव्हतीच, घ्यायची तरी कशी? तेवढ्यात चाचांनी त्यांची ती अख्खी, इतक्या वर्षांनी कमावलेली जिलबी मधोमध मोडली. अर्धी माझ्या तळहातावर ठेवली. "ले. आधा काम, आधी जिलबी. बाकी की आधी नल लगेगा तब खाएँगे, दोनों मिल के."

"ही तुमची आहे चाचा, अख्खी!"

"अरे हौ, पर अकेले खाने की आदत किधर है?"

गल्ली हसली. शेवंतामावशी डोळे पुसत हसल्या आणि पाक मनगटावरून ओघळत असताना मी ती अर्धी खाल्ली. खरं सांगू? इतक्या वर्षांत इतकी गोड कधी लागली नव्हती. मग मी तिथंच, न पाठ केलेलं, पहिल्यांदा बोललो. "पुढच्या सव्वीस जानेवारीच्या आत गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांसाठी नळ." मावशींनी विचारलं, "होईल का ह्याच्यानं?"

बांधकामावरच्या बायाही कडेला येऊन उभ्या होत्या. पहिला "हाव" त्यांचा आला. मी त्यांना जिलबी दिली. नावं नंतर विचारली.

आज पाण्याचा दिवस नाही, परवा आहे. परवा पहाटे मेसची टाकी शेवंतामावशी बघणार आहेत. मी चाचांच्या गाड्याशेजारी, बाकावर बसणार आहे. सोबत कागद नेणार नाही. आधी बघेन, विचारेन, कुणाला किती पाणी लागतं, कुठं नळ बसला तर कुणाच्या पायात येणार नाही. मग अर्ज लिहीन, एकदाच. आणि तो वाळायच्या आत चाचांना आणि त्या बायांना घेऊन महापालिकेत जाईन. स्वल्पविराम चुकला तर चुकू दे! हा माझा तुला शब्द आहे, आत्या. पुढच्या सव्वीस जानेवारीला परातीसमोर उभा राहीन तेव्हा जाब अख्खा असेल.

मिळालेली जिलबी मात्र चाचांबरोबर मोडूनच खाईन. एवढी सूट दे.

तुझ्या ताटावर वाढलेला,
बाला